दोन अंमलांच्या मधला दवाखाना

परदेशी मिशनरी म्हटले की बाजारात उभा राहून उपदेश करणारा टोपीवाला पाद्रीच आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु सातारा-सांगलीच्या मुलखात ज्यांनी उभे आयुष्य घालविले, त्यांचा दिवस उपदेशापेक्षा हिशेब, पत्रव्यवहार, औषधांची तजवीज आणि सरकारी परवाने यांतच अधिक खर्ची पडे, आणि 1942 नंतर तर या किरकोळ कामांनाही राजकारणाचा वास येऊ लागला.

साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर, 1849 च्या सुमारास, अमेरिकन मिशनने येथे ठाणे दिले. आरंभीच्या मंडळींपैकी एबेनेझर बर्जेस हे मराठी शाळांसाठी ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक रचू गेले आणि पंडितांच्या साहाय्याने सूर्यसिद्धान्तात शिरले. त्याचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1860 साली प्रसिद्ध झाले. (त्यांच्या प्रवचनांची आठवण आज कोणाला नाही, ते भाषांतर मात्र अभ्यासक अजून उघडतात.) पुढे वाईला या मिशनचे रुग्णालय झाले, मिरजेस प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि त्यांचे नाव वानलेसवाडीच्या रूपाने लोकांच्या जिभेवर राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ब्रिटिशेतर मिशनांकडून अशी हमी घेण्याची वहिवाट पाडली की, कायद्याने स्थापित झालेल्या सरकारचा मान राखावा आणि राजकारणापासून कटाक्षाने अलिप्त राहावे. ही हमी पोकळ नव्हती. सातारचे मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे, त्याच बोर्डाचे मदुराईकडील राल्फ कीथान यांनी, गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयकडे पोहोचविणाऱ्या रेजिनाल्ड रेनॉल्ड्स यांना घरी उतरवून घेतले, तेवढ्यावरून त्यांना 1930 साली हा देश सोडावा लागला.

परंतु कायद्याने स्थापित झालेले सरकार कोणते, हाच प्रश्न सातारा जिल्ह्यात वादाचा होऊन बसला. त्या वेळी वाळवा, तासगाव व खानापूर हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. 1942 च्या सप्टेंबरात 9 तारखेला वडूजला आणि 10 तारखेला इस्लामपूरला ‘चले जाव’ चळवळीच्या मोर्चांवर गोळीबार झाला. मग चळवळ भूमिगत झाली आणि 1943 पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगाव तंटे मिटवू लागली, दरोडेखोर व खबरे यांना शासन करू लागली. दिवसा मामलेदाराचा अंमल आणि रात्री दुसराच, अशी स्थिती. त्यातही हद्दींचा घोळ असा की, वाई खालसा मुलखात, मिरज व सांगली पटवर्धनी संस्थानांत, तर चळवळीचे आगर कुंडल औंध संस्थानात; एका हद्दीत ज्याच्यावर वॉरंट असे तो शिवार ओलांडून दुसऱ्या हद्दीत जाई.

अशा मुलखात रुग्णालय चालविणे म्हणजे काय, हे दोन बाबींवरून कळेल. 1942 च्या मार्चमध्ये जपानने जावा बेट घेतले. जगातील बहुतेक सिंकोना तेथे पिकत असल्याने हिंदुस्थानात क्विनाइन दुर्मिळ झाले, आणि हिवतापाने कुडकुडत दारी आलेल्या कृष्णाकाठच्या कुळंब्याला जावा कोठे आहे हे ठाऊक नसले तरी त्याची पुडी मात्र त्या बेटावर अडली. ती आधी कोणाला द्यायची, हे ठरविताना कोणी तरी रुष्ट व्हायचेच. दुसरी बाब बंदुकीच्या जखमेची. असा जखमी आला की रीतीप्रमाणे नोंद करून फौजदाराकडे वर्दी द्यावयाची. वर्दी दिली तर गाव त्या डॉक्टरला खबऱ्या ठरविणार आणि न दिली तर ती लेखी हमी समोर उभी राहणार. ज्याला वैद्यकाचा धर्म म्हणतात तो प्रथम जखम बांध असे सांगतो. पण बांधल्यावर टाक कोठे चालवायचा, याबाबतीत त्या धर्माचा काही उपयोग होत नाही. हमीपत्रातली अलिप्तता मुंबईच्या दप्तरात सोपी होती, बाह्यरुग्ण विभागात ती रोज नव्याने ठरवावी लागे, असे माझे मत आहे.

बाकी दिनक्रम तोच: सकाळची प्रार्थना, मग ओसरीवर दाटलेले रोगी, आवारात तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या भाजणारे त्यांचे आप्त. रात्री घरी धाडलेले पत्र सेन्सॉरच्या हातून जाणार म्हणून ते बेताचेच लिहायचे. मुले दूर कोडाईकनाल किंवा मसुरीच्या शाळेत.

तथापि या साऱ्यात गोऱ्या डॉक्टरचे संकट मला दुय्यम वाटते. त्याच्याजवळ औषध होते, म्हणून त्याला दोन्ही बाजू सहसा दुखवीत नसत, आणि अगदीच निभेना तर परतीची बोट होती. मिशनच्या पगारावर खेड्यात शाळा चालविणारा मराठी ख्रिस्ती मास्तर मात्र दोहोंकडून संशयात सापडे. फौजदाराच्या लेखी तो गावचा आणि गावाच्या लेखी साहेबाचा. त्याच्याकडून कोणी हमी लिहून घेतली नव्हती. त्याची सोयरीक, त्याचे वडिलार्जित घर आणि पाणी भरण्याची विहीर ही सारी त्याच शिवेच्या आत होती, आणि पोलीस पाटलाला व भूमिगतांच्या निरोप्याला त्याला एकाच आठवड्यात तोंड द्यावे लागे.