फुल्ल रेंज, तरी पान उघडेना: प्रवासात लॅपटॉपला भरवशाचं नेट

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. गाडीत, लॉजवर किंवा गावाकडच्या ओसरीवर लॅपटॉप उघडायचा, आणि नेट फक्त मोबाइलचं. ते भरवशाचं कसं करायचं?

आधी माझी फजिती ऐका. मी जीएसटीची कामं करतो. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, आणि मी मडगावहून पनवेलकडे निघालेलो. एका अशिलाचं रिटर्न राहिलं होतं. रत्नागिरी स्टेशनात फोनवर रेंज फुल्ल, पण पोर्टलचं पान काही उघडेना. गाडी सुटता सुटता उघडलं एकदाचं. ओटीपी अशिलाच्या फोनवर गेला, तो सांगायला त्यांनी मला फोन केला, आणि फोन उचलताक्षणी लॅपटॉपचं नेट बंद! मग आला करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटरचा. रिटर्न दुसऱ्या दिवशी गेलं. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि कराच्या रकमेवर वर्षाला १८ टक्के दरानं व्याज. एका दिवसाचे पैसे थोडेच होते, ते मी खिशातून भरले. पण बारा वर्षांचं गिऱ्हाईक, पुढचे दोन महिने दर १५ तारखेला फोन करून विचारायचं, "या वेळी वेळेत होईल ना?" ते जास्त लागलं.

या गोष्टीत तीन वेगळ्या अडचणी आहेत. मी त्यांना एकच समजत होतो, 'नेटवर्क नाही' म्हणत होतो.

पहिली, फुल्ल रेंज. त्या दांड्या सिग्नल किती जोरात येतोय एवढंच सांगतात. त्या टॉवरवर आत्ता किती माणसं लटकली आहेत, ते सांगत नाहीत. स्टेशनात गाडी थांबली की हजारभर फोन एकाच वेळी रील बघायला लागतात. तिथे सिग्नल उत्तम आणि वेग शून्य. उपाय एकच, दुसऱ्या कंपनीचं सिम. आणि हे दुसरं सिम खरोखर दुसऱ्या कंपनीचं हवं. एकाच कंपनीची दोन सिम घेऊन फिरणारे लोक मी पाहिले आहेत!

दांड्यांपेक्षा आकडा बघायची सवय लावा. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८५ म्हणजे मजा आहे, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या खाली गेलात की व्हिडिओ कॉलचा नाद सोडा. यात १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. म्हणून लॉजच्या खोलीत पलंगावरून उठून खिडकीत फोन ठेवला की जादू झाल्यासारखं वाटतं. एसी डब्यातही तेच: पत्र्याचा डबा सिग्नल अडवतो, फोन खिशात नको, काचेला टेकवून ठेवा.

आता दुसरी अडचण, फोन उचलताच नेट बंद. ही सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका वेळी एकच सिम काम करू शकतं. डेटा पहिल्या सिमवर चालू आहे आणि कॉल दुसऱ्यावर आला, तर बोलणं संपेपर्यंत डेटा थांबतो. ज्या सिमवर डेटा त्याच सिमवर कॉल आला आणि व्हीओएलटीई चालू असेल, तर दोन्ही सोबत चालतात. व्हीओएलटीई बंद असेल तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि नेट पुन्हा गेलं. म्हणून व्हीओएलटीई चालू आहे का, हे आजच बघा. आणि महत्त्वाच्या कामाच्या वेळी ओटीपी फोनवर नको, मेसेजवर मागवा. मी आता तेच करतो.

जोडणीचं थोडक्यात. हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबल बरी. फोन चार्ज होत राहतो, वायफायच्या गर्दीचा त्रास नाही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. मॅकबुक आणि अँड्रॉइड फोन ही जोडी केबलवर बऱ्याचदा जुळत नाही; तिथे हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि फोन लॅपटॉपच्या शेजारी. ५जी येतं-जातं अशा भागात फोन सारखा ४जी-५जी करत बसतो आणि कॉल तुटतो. मीटिंगपुरतं ४जीवरच ठेवलेलं चांगलं.

लॅपटॉप मात्र बकासुर आहे. हॉटस्पॉट दिसलं की त्याला वाटतं घरचं वायफाय, आणि तो अपडेट ओढायला लागतो. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला 'मीटर्ड' करा, मॅकमध्ये 'लो डेटा मोड' लावा. हिशेब सोपा आहे: १ एमबीपीएसचा व्हिडिओ कॉल तासाला ४५० एमबी खातो, तेही एका दिशेनं. कॅमेरा बंद केला तर तेच काम ४०-५० एमबीत होतं. रोजचा दीड-दोन जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्यात पोर्टलचं लॉगिनसुद्धा होत नाही. 'अमर्याद ५जी' आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोन ४जीवर उतरला की डेटा रोजच्या कोट्यातूनच कापला जातो.

तिसरी अडचण बोगद्याची, आणि तिच्यावर कुठलंही सिम चालत नाही. कोकण रेल्वे असो की कसारा घाट, नकाशा बघून काम लावायचं. रिटर्नचा सगळा हिशेब आधी लॅपटॉपवरच तयार ठेवतो, ऑनलाइन उरतं फक्त शेवटचं दहा मिनिटांचं काम, आणि ते मोकळ्या पट्ट्यात. मोठ्या स्टेशनांवर रेलटेलचं वायफाय पहिली ३० मिनिटं फुकट मिळतं. त्याच्याही लॉगिनला ओटीपी लागतो, म्हणजे मोबाइलला थोडी तरी रेंज हवीच.

आणि जम्मू-काश्मीर, लडाखला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवा: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतं. श्रीनगरला उतरून हे कळलं तर त्या दिवसाचं काम गेलंच म्हणून समजा. निघण्याआधी आपल्या कंपनीला एक फोन करून विचारून घ्या.