जास्त बूस्टखाली इंजिनात आधी काय मोडतं?

टर्बोचा बूस्ट वाढवला की सिलेंडरमध्ये जास्त हवा आणि इंधन जातं, ज्वलनाचा दाब चढतो, आणि तो झेलण्याची ताकद हीच इंजिनाची मर्यादा ठरते. १९९३च्या टोयोटा सुप्रामधल्या २जेझेड-जीटीई इंजिनात सिलेंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आहे. आत १०० बार दाब झाला, तर पिस्टनवर जवळपास ५.९ टन भार येतो. हाच दाब हेडला वर उचलू पाहतो. हेडचे बोल्ट ताणले गेले की गॅस्केट फुटतं.

कनेक्टिंग रॉडवर दोन वेगळे भार येतात. बूस्ट त्याला दाबून वाकवू पाहतो, तर त्याला ओढून तोडणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच कमी आरपीएमला अचानक आलेला प्रचंड टॉर्क रॉड वाकवतो, आणि अतिवेगात त्याचे बोल्ट तुटतात.

सर्वांत मोठा शत्रू मात्र नॉकिंग, म्हणजे सिलेंडरमधल्या न जळलेल्या मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट. त्यातल्या दाबलहरी पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा फोडतात, तेही एरवीचा दाब मर्यादेत असताना.

बिडाचा ब्लॉक, ७ मेन बेअरिंग आणि फोर्ज्ड क्रँकशाफ्ट यांमुळे २जेझेडचा पाया अप्रतिम मजबूत आहे. फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड बसवले की तो मूळ ताकदीच्या दुपटीहून जास्त पेलतो.