मनगटावरचा जमाखर्च

सन 2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन, कुर्डुवाडी, बार्शी असे करीत आमच्या ढोकीवरून लातूरकडे गेली, तेव्हा ज्या विहिरीत पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मी पोहावयास शिकलो होतो, तिचा तळ उघडा पडून भेगाळलेला होता. माझ्या बाळपणी त्या विहिरीत पाच परस पाणी असे. तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखविला म्हणजेच बुडी जमेस धरली जाई, आणि कानांत उठणारी कळ एवढेच आम्हां मुलांचे खोली मोजण्याचे साधन असे. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील संस्थेत पाठीवर हवेची टाकी बांधून मी प्रथम समुद्रात उतरलो. तहानलेल्या मुलखातून येऊन पाण्यात हौसेने उतरावे, याचा तेव्हा मला संकोच वाटला. परंतु पाण्याच्या घागरीघागरीचा हिशेब ठेवण्याची जी सवय आमच्या जिल्ह्याने मला लावली, तीच पुढे समुद्रात माझ्या उपयोगी पडली, हे आज निःशंकपणे सांगता येते.

यंदा माझा भाचा तारकर्लीचाच प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून आला आणि म्हणाला, “मामा, मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ, पट्टा कसला घेऊ, आणि कुठून घेऊ? तुम्ही सांगाल तोच घेतो.” दोन वाक्यांत देण्याजोगे उत्तर मजजवळ नव्हते, म्हणून त्या हिवाळ्यापासून आजवरच्या वर्षांचा, आणि या यंत्राच्या त्याहून पुष्कळ लांब अशा पूर्वेतिहासाचा, मागोवा घेणे प्राप्त झाले.

हे यंत्र खोली आणि वेळ दाखविते खरे, परंतु त्याचे मुख्य काम ऋणाची खतावणी ठेवण्याचे आहे. समुद्रात दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली श्वासातील नत्रवायू शरीरात मुरत जातो. रक्त हे कर्ज झटपट घेते व झटपट फेडते, तर चरबी आणि सांधे ते सावकाश घेतात व त्याहूनही सावकाश फेडतात. फेडीची मुदत न पाळता जो घाईने वर येतो, त्याच्या शरीरात त्या वायूचे बुडबुडे होऊन सांध्यांच्या वेदनेपासून पक्षाघातापर्यंत कोणत्याही रूपाने सक्तीची वसुली होऊ शकते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग केले, शरीराचे पाच विभाग कल्पून प्रत्येकाची देवघेवीची गती निराळी मानली, आणि 1908 मध्ये किती खोलीवर किती वेळ राहिल्यास कोठे किती थांबत वर यावे याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजची बहुतेक यंत्रे त्याच विचाराच्या वंशातील आहेत.

कोष्टकांत एक उणीव होती. आज शिकविल्या जाणाऱ्या एका प्रचलित कोष्टकात 18 मीटरांवर 56 मिनिटे आणि 30 मीटरांवर 20 मिनिटे अशी मर्यादा असते. परंतु तळास दोन मिनिटे घालवून उरलेला वेळ उथळ पाण्यात काढणाऱ्यासही ते संपूर्ण बुडी तळाशीच झाली असे धरून हिशेब लावते. क्षणाक्षणाची नोंद ठेवणारा कारकून हवा होता. 1959 मध्ये इटलीत सच्छिद्र सिरॅमिकमधून वायू झिरपू देऊन शरीराची नक्कल करणारे एक यांत्रिक उपकरण निघाले. 1983 मध्ये अमेरिकेत ‘एज’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, आणि त्याच वर्षी झुरिकचे आल्बर्ट ब्यूलमान यांनी ग्रंथरूपाने मांडलेले गणित पुढे असंख्य यंत्रांचा पाया ठरले. 1997 मध्ये फिनलंडच्या सून्तो कंपनीने हे सारे दप्तर मनगटी घड्याळाच्या आकारात बसविले. हॉल्डेनच्या कोष्टकापासून मनगटापर्यंत यावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या लहानशा पडद्याविषयी योग्य तो आदर उत्पन्न होतो.

पहिल्या हंगामात मी संस्थेचेच यंत्र वापरले; पुढे स्वतःचे घेताना माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि त्यांतूनच मी शिकलो. पहिली चूक गुणांच्या फाजील लोभाची. होकायंत्र, टाकीतील दाब बिनतारी दाखविण्याची सोय आणि निरनिराळ्या मिश्रवायूंचे हिशेब असलेले यंत्र मी घेतले. पण चाळिशी लागलेल्या डोळ्यांस त्याचे बारीक आकडे गढूळ पाण्यात दिसेनात. मालवणच्या पाण्यात दृष्टी कित्येकदा चार-पाच हातांपलीकडे जात नाही. अशा पाण्यात खोली, गेलेला वेळ आणि उरलेला निर्धोक वेळ हे तीन आकडे मोठे व ठळक दिसणे हाच यंत्राचा अव्वल गुण होय. हिशेब अधिक सावधपणाचा करून घेण्याची सोय हा दुसरा, आणि सेल स्वतःस बदलता येणे हा तिसरा. बाकीचे सारे पुढच्या शिक्षणाबरोबर येऊ द्यावे.

दुसरी चूक खरेदीच्या जागेची. किंमत कमी पडते म्हणून मी एका परदेशी विक्रेत्याकडून कुरियरने यंत्र मागविले. सीमाशुल्क भरल्यावर बचत नाममात्र उरली, आणि दुरुस्तीची वेळ आली तेव्हा हमी या देशात चालत नसल्याचे लेखी उत्तर आले. मग एका घड्याळजीकडून सेल बदलून घेतला. त्याचे काम हाताचे सफाईदार होते, परंतु झाकणाखालचे रबरी कडे नवे घालून दाबाची चाचणी घेण्याची सामग्री त्याजपाशी नव्हती, आणि पुढच्याच बुडीत पाणी आत शिरले. तेव्हापासून माझा नियम असा की, यंत्र अधिकृत विक्रेत्याकडून अथवा आपण ज्या केंद्रात शिकलो त्याच्या मार्फत रीतसर पावतीनिशी घ्यावे, हमीपत्र भारतात चालते याची खातरजमा करावी, आणि सेल व पट्टा येथे मिळतो की नाही हे किंमत विचारण्यापूर्वी विचारावे. मनगटावर बांधून, ओल्या हाताने कळा दाबून पाहू देणारा दुकानदार मोलाचा.

पट्ट्यास पुष्कळ लोक गौण समजतात. मी समजत नाही. अंगावरील निओप्रीनचा पोशाख दाबाखाली चेपून पातळ होतो, त्यामुळे होडीवर घट्ट बांधलेला पट्टा वीस मीटरांवर सैल पडून यंत्र मनगटाभोवती फिरू लागते, आणि आकडा हवा तेव्हा तो तळहाताच्या बाजूस गेलेला असतो. भोकांचा साधा पट्टा घेतल्यास तो पोशाखावरून बांधण्याइतका लांब असावा आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा आवळावा. लवचिक दोरीचा पट्टा, ज्यास सारे बंजी म्हणतात, पोशाखाबरोबर स्वतःच आवळतो. दोन स्वतंत्र दोऱ्या असल्या म्हणजे एक तुटली तरी यंत्र तळास जात नाही. मोटेच्या नाड्याचा एक पीळ उसवला की मोट थांबवून तो पाहणारे शेतकरी मी लहानपणी पाहिले आहेत. तीच नजर या दोरीवर ठेवावी, आणि प्रत्येक बुडीनंतर यंत्र व पट्टा गोड्या पाण्यात धुवावा.

आमच्यासारख्या पठारावरच्या माणसास आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मालवणहून ढोकीस परतताना आंबोलीने सहाशे मीटरांहून अधिक चढावे लागते, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने शरीरात शिल्लक राहिलेले नत्रवायूचे कर्ज तेथेही उसळू शकते. अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी 18 तास थांबावे असे सांगतात. यंत्र तो काळ उलटा मोजून दाखविते. मी घाटासही तोच नियम लावतो आणि शेवटच्या बुडीनंतरची रात्र मालवणातच काढतो.

आमच्या शेजारचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांतून भडोच बंदरास जाई. समुद्र या मुलखास परका नाही; मात्र त्याच्याशी व्यवहार करावयाचा तर वही स्वतःची हवी. म्हणून भाच्यास मी शेवटी एवढेच लिहून दिले: मोठ्या आकड्यांचे साधे यंत्र, दोन दोऱ्यांचा पट्टा, आणि दुरुस्तीची जबाबदारी घेणारे जवळचे दुकान. यंत्राची पुस्तिका पाण्यात उतरण्यापूर्वी वाचावी, आणि यंत्र कोणाचे उसने घेऊ नये, कोणास देऊ नये. दोन माणसे एकाच होडीतून उतरली तरी एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.