पुतणीची युनियन

आम्ही वाल्डॉर्फकर संगणकवाले, युनियनपासून चार हात लांबच! २००६ साली सॅपमध्ये कामगार-मंडळाला बहुसंख्यांनी ‘नको’ म्हटलं. कायद्यामुळे ते त्याच वर्षी आलं, ही गोष्ट वेगळी.

परवा आमची पुतणी विद्यापीठांतल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या युनियन-संमेलनाला निघाली. संशोधक म्हणून तिची नेमणूक मुदतीची. २००७ च्या कायद्यानं अशी नोकरी साधारणपणे डॉक्टरेटआधी सहा, नंतर सहा वर्षं. पुढे कायम जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नारळ!

२०१३ साली महाराष्ट्रात प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, तेव्हा आम्ही इथून नाकं मुरडली होती. तेच पुतणीला ऐकवलं.

ती म्हणाली, “काका, माझा व्हिसा नोकरीवर अवलंबून. एकटीनं साहेबाशी कशी भांडू?”

आम्ही गप्प. मग हळूच विचारलं, “वर्गणी किती गं?”