रोज एक रुपया आणि गावाचे ग्रंथालय

जगातली २,५०९ ग्रंथालये एका विणकराच्या मुलाच्या पैशातून उभी राहिली. अँड्र्यू कार्नेगी हे त्याचे नाव. १८३५ साली स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावात तो जन्मला. वडील विल्यम हातमागावर कापड विणायचे. वाफेवर चालणारे माग आले, हातमागाला काम मिळेना आणि १८४८ मध्ये हे कुटुंब उसनवारी करून अमेरिकेला गेले. तिथे कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ आपली चारशेएक पुस्तके दर शनिवारी कामकरी पोरांना वाचायला देत. तारेचे निरोप पोचवणाऱ्या अँड्र्यूला पुस्तकांची गोडी लागली ती तिथे. पुढे पोलादाच्या धंद्यात त्याने अफाट संपत्ती मिळवली आणि तिच्यातला एक भाग ग्रंथालयांवर खर्च केला.

पण मला थक्क करते ती त्याच्या आत्मचरित्रातली आणखी एक नोंद. डनफर्मलिनमध्ये पहिले ग्रंथालय कोणा उमरावाने काढले नव्हते. पाच विणकरांनी आपापली मोजकी पुस्तके एकत्र केली आणि शेजाऱ्यांना वाचायला दिली. त्या पाचांत एक होते विल्यम कार्नेगी. मुलाला हे फार उशिरा कळले आणि त्याला त्याचा विलक्षण अभिमान वाटला. अडीच हजार ग्रंथालयांच्या आधी पाच विणकरांचा एक छोटासा पुस्तकसंग्रह होता, आणि तो मागावर बसणाऱ्या माणसांनी जमवला होता.

ही गोष्ट कबनूरमध्ये सांगायला हवी. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला इतके चिकटलेले आहे की शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे नवख्याला कळत नाही. दोन्हीकडे आवाज एकच, यंत्रमागांचा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. त्यातून वाढलेल्या उद्योगामुळे या परिसराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात.

मग खऱ्या मँचेस्टरने काय केले तेही पाहू. १८५० साली इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याने नगरपालिकांना ग्रंथालयासाठी अगदी थोडा कर बसवण्याची मुभा दिली. तरतूद मात्र अजब होती. त्या करातून जागा आणि नोकरवर्ग यांचा खर्च भागवता येई, पण पुस्तक एकही विकत घेता येत नसे! ग्रंथालय काढा, पुस्तकांचे तुमचे तुम्ही बघा, असाच त्या कायद्याचा अर्थ होता. मँचेस्टरने ते बघितले. महापौर जॉन पॉटर यांनी निधी उभारायला सुरुवात केली. श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या आणि गिरणी कामगारांनीही आपली वेगळी समिती नेमून नाणे-नाणे गोळा केले. करदात्यांचा कौल घेतला तेव्हा विरोधात अवघी ४० मते पडली. सप्टेंबर १८५२ मध्ये ग्रंथालय उघडले, तेव्हा व्यासपीठावर चार्ल्स डिकन्स होते.

ज्या १८५० साली इंग्लंडमध्ये हा कायदा झाला, त्याच साली कोल्हापुरात ‘नेटिव्ह लायब्ररी’ सुरू झाली. आज आपण तिला करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो. कोल्हापूरची त्याहून मोठी गोष्ट १९४५ सालची. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला हा असा पहिला कायदा मानला जातो. स्वतंत्र भारतातला पहिला, म्हणजे मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये आला. संस्थान विलीन झाले आणि तो कायदाही इतिहासजमा झाला. पण ग्रंथालय ही पाण्याच्या नळासारखी सार्वजनिक गरज आहे, हा विचार कायद्याच्या भाषेत देशात पहिल्यांदा याच मातीत लिहिला गेला.

आजचा महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्याचे एक वैशिष्ट्य नवे ग्रंथालय काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. शेजारच्या कर्नाटकात स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसतो. तमिळनाडूत आणि केरळातही तो आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्याकडे गावोगावची बहुतेक ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवतात आणि सरकार त्यांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांनुसार मान्यता व अनुदान देते. म्हणजे इथे सरकार ग्रंथालय काढून देत नाही. लोकांनी काढलेल्या ग्रंथालयाच्या पाठीशी ते उभे राहते. पहिले पाऊल गावाचेच असावे लागते.

ते कसे टाकायचे? ग्रंथालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी इमारत येते: जागा, भूमिपूजन, कोनशिला. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. आधी वर्षाचा खर्च मांडावा आणि तिथून मागे येत इमारतीपर्यंत पोचावे. हा धडा कार्नेगीचाच आहे. इमारतीसाठी पैसे देताना तो गावांना दोन अटी घालायचा. जागा तुम्ही द्या आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवायला खर्च करण्याची हमी द्या. त्याला माहीत होते की इमारत एकदाच बांधावी लागते, ग्रंथालय मात्र रोज उघडावे लागते. ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रे, नवी पुस्तके, बांधणी, डागडुजी हा खर्च कधीच थांबत नाही.

हा हिशेब कबनूरला लावून पाहू. समजा गावातल्या एक हजार घरांनी रोज एक रुपया बाजूला काढला. वर्षाला ३ लाख ६५ हजार रुपये होतात. दहा टक्क्यांच्या नियमाने हा साडेछत्तीस लाखांच्या इमारतीचा वर्षाचा चालू खर्च झाला. कबनुरात हजाराहून कितीतरी अधिक घरे आहेत. म्हणजे एका घरामागे रोजचा एक रुपया, आणि गावाचे ग्रंथालय कुणापुढे हात न पसरता चालू शकते. हा आकडा मी पुन्हा पुन्हा मांडून पाहतो आणि दर वेळी चकित होतो.

अर्थात तो रुपया विश्वासाशिवाय येत नाही. म्हणून संस्थेची नोंदणी सगळ्यात आधी. किमान सात माणसे, लिहिलेली घटना, सभांचे ठराव, सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंद, संस्थेच्या नावाचे बँक खाते, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. आयकर खात्याकडे ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी नोंदणी केली, तर जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरणाऱ्या देणगीदाराला करसवलत मिळते. मात्र २,००० रुपयांहून मोठ्या रोख देणगीला ती मिळत नाही. त्यामुळे मोठी देणगी धनादेशाने किंवा ऑनलाइन घ्यावी. पावतीपुस्तक आणि हिशेबाचा फलक गावाला दिसेल अशा ठिकाणी असावा. कोल्हापूर जिल्ह्याला हे नव्याने शिकवायची गरज नाही. रत्नाप्पा कुंभारांनी पंचगंगा साखर कारखाना उभारला, त्यात शेतकऱ्यांचे भागभांडवल होते. लहान-लहान रकमांतून मोठी संस्था उभी करण्याची विद्या या भागाच्या अंगवळणी पडलेली आहे.

गावाने सुरुवात केली की पुढची दारे उघडू लागतात, आणि यामागेही एक सुंदर इतिहास आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्यांचे सूत्र तीन वाट्यांचे होते. लोकांनी ठरावीक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम जमवली, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच राज्याने. गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये व्हायचे. फुकट दिलेल्या ग्रंथालयाकडे गाव पाठ फिरवते आणि स्वतःच्या पैशाचे जपते, हे महाराजांनी ओळखले होते. हेच तत्त्व आज राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी योजनेत दिसते. १९७२ साली कोलकात्यात स्थापन झालेले हे प्रतिष्ठान राज्यांच्या ग्रंथालय खात्यांमार्फत मदत करते. आणखी एक दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालय काढणे स्पष्टपणे लिहिलेले आहे.

तरीही एकाच मोठ्या देणगीवर विसंबू नये. कार्नेगीच्याच पोलाद कारखान्यात, होमस्टेडला, १८९२ मध्ये संप चिरडताना कामगारांचे जीव गेले. त्यानंतर अनेक कामगारांना त्याच्या पैशाचे ग्रंथालय नकोसे झाले. हजार घरांच्या पैशातून झालेल्या ग्रंथालयावर हजार घरांचा हक्क असतो. मोठ्या देणग्या कायम ठेवीत टाकाव्यात आणि त्यांच्या व्याजातून दरवर्षी पुस्तके घ्यावीत. स्मृतिप्रीत्यर्थ मिळालेला पैसा एखाद्या दगडी पाटीपेक्षा मुलांच्या एका कपाटात जास्त जिवंत राहतो.

आता इमारतीकडे येऊ. भारतीय मानकांप्रमाणे घराच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार पेलेल अशी धरतात. पुस्तकांच्या कपाटांच्या दालनासाठी हाच आकडा किमान ६०० किलो आहे, म्हणजे तिप्पट! कागद इतका जड असतो. एखाद्या जुन्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर कपाटे लावण्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवलेच पाहिजे. पुस्तके तळमजल्यावर ठेवणे सोयीचे. पण हा पंचगंगेचा मुलूख आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी या खोऱ्यात काय केले ते सगळ्यांना आठवते. म्हणून जोते उंच हवे आणि सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वर हवा. ओलीने बुरशी येते, वाळवी लागते, कसर पाने कुरतडते. भिंतीपासून हातभर सुटी ठेवलेली लोखंडी कपाटे आणि आरपार वारा हा त्यावरचा स्वस्त उपाय.

जागेचा हिशेब तर कुणालाही करता येईल. पुस्तकाची जाडी सरासरी तीन सेंटिमीटर धरली, तर नव्वद सेंटिमीटरच्या कप्प्यात तीस पुस्तके बसतात. सहा कप्प्यांच्या दुहेरी कपाटात ३६०. पाच हजार पुस्तकांना अशी चौदा कपाटे पुरतील. पण एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले शेवटचे बजावते की ग्रंथालय सतत वाढत असते. म्हणून प्रत्येक कपाटाचा एक तृतीयांश भाग रिकामा धरून एकवीस कपाटांची जागा आखावी. ती रिकामी जागा अजून न लिहिलेल्या पुस्तकांसाठी आहे.

कबनूरच्या आराखड्यात काही गोष्टी खास इथल्या असतील. मागांचा खडखडाट अडवायला रस्त्याच्या बाजूला पुस्तकांची कपाटे आणि आतल्या बाजूला वाचनकक्ष हवा. कपाटांत भरलेली पुस्तके आवाज बऱ्यापैकी शोषतात. सुताची रुई पानांवर बसते, तेव्हा रोजची झाडझूड खर्चात धरावी. आणि सगळ्यात महत्त्वाची ती वेळ. बारा तासांची पाळी करणारा कामगार सकाळी दहा ते पाचच्या ग्रंथालयात कधी येणार? दोन्ही पाळ्यांच्या माणसांना येता येईल अशी पहाटेची आणि रात्रीची वेळ ठेवली, तरच ते गावाचे ग्रंथालय. पुस्तके मराठीबरोबर कन्नड, उर्दू आणि हिंदीतही हवीत, कारण मागावर उभी असलेली माणसे या सगळ्या भाषांतून आलेली आहेत. शेजारी इचलकरंजीत आपटे वाचन मंदिरासारखी जुनी, जाणती संस्था आहे. तिथल्या मंडळींकडून वर्गीकरण, दाखल नोंदवही आणि देवघेव शिकून घेता येईल. पण आठ वर्षांच्या मुलीला एकटीला चालत जाता येईल असे ग्रंथालय तिच्याच गावात लागते.

यातले काहीही इमारतीसाठी थांबून राहत नाही. भाड्याची एक कोरडी खोली, दोन कपाटे, एक नोंदवही आणि ठरलेल्या वेळी न चुकता उघडणारे दार एवढ्यावर सुरुवात होते. सरकारी मान्यता मागायची तरी आधी ग्रंथालय चालू असल्याचे दाखवावे लागते. डनफर्मलिनच्या त्या पाच विणकरांकडे तर खोलीचे भाडे द्यायलाही पैसे नसावेत.

तेव्हा कबनूरकरांनो, आणि कबनूरसारख्या प्रत्येक गावातल्या वाचकांनो, सात माणसे जमवा आणि पहिली सभा घ्या. पहिल्या ठरावात इमारतीचे नाव घेऊ नका. ग्रंथालय रोज किती तास उघडे राहील ते लिहा, त्याला वर्षाला किती पैसे लागतील ते लिहा, आणि पहिल्या शंभर सभासदांच्या पावत्या फाडा. देशातला पहिला ग्रंथालय कायदा ज्या कोल्हापुरात झाला, तिथल्या माणसांना हे काम अवघड नाही.