नोकरी गेली तरी गोळी थांबवू नका

गेल्या महिन्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. तक्रार पित्ताची. छातीत जळजळ, रात्री झोप नाही. रक्तदाब पाहिला, तर १७०/१००! "गोळी चालू आहे ना?" असे विचारताच त्यांनी मान खाली घातली.

गाड्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात त्यांची वीस वर्षे गेली होती. दोन महिन्यांपूर्वी कपातीत नाव आले. "डॉक्टरसाहेब, पगारच नाही, तर गोळ्यांचा खर्च कशाला?" घरी त्यांनी काहीच सांगितले नव्हते. रोज डबा घेऊन ते बाहेर पडत होते.

हा धंदा जगभर बदलतो आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंधनाचा पंप, इंजेक्टर, सायलेन्सर लागत नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या विभागातील सुमारे १३ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा नोकरी जाणे हा काही कामगाराचा नालायकपणा नव्हे. पण मनाला हे पटत नाही आणि शिक्षा शरीराला होते. सततच्या काळजीने झोप उडते, रक्तदाब वाढतो. तंबाखू आणि दारूही वाढते.

ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. वेळ भरपूर असूनही तिथल्या लोकांचे वाचन कमी झाले, पुरुषांची चालही मंदावली होती.

म्हणून माझे सांगणे एवढेच :

रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नका. सरकारी रुग्णालयात, जनऔषधी केंद्रात खर्च कमी येतो. ईएसआयचे सभासद असाल, तर बेकारी भत्ता व उपचार मिळतात का, हे शाखेत लगेच विचारा. उठण्या-जेवण्याच्या वेळा पाळा, रोज अर्धा तास चाला. जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि मुख्य म्हणजे, घरात सांगा.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ पत्नीला घेऊन आले. रक्तदाब १४०/९० होता. "एवढे दिवस एकट्यानंच सोसलं यांनी," बाई म्हणाल्या. नोकरी अजून लागलेली नाही. पण गोळी सुरू आहे आणि दुपारचे जेवण आता दोघे घरीच एकत्र करतात.