गाडीच्या पोटातला पहारेकरी

कापूरबावडीहून भिवंडीकडे निघालं की बाळकुम नाका लागतो. एके काळी आसपास कारखाने होते, आता उंच उंच टॉवर आहेत. मधल्या रस्त्यावर कंटेनर, रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि अधूनमधून एखादी झगझगीत स्पोर्ट्‌स कार. अशाच एका गाडीचा तरुण मालक परवा गॅरेजवाल्याला सांगत होता, "काका, कॅट काढून टाका, गाडी मोकळी होईल." काकांनी हात पुसत विचारलं, "गाडी मोकळी होईल रे, पण तुझ्यामागे सिग्नलला उभा राहील त्याचं काय?"

हा कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. शुद्ध मराठीत उत्प्रेरक परिवर्तक. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट बसवलेली असते. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. इंजिनातून येणारा तप्त वायू या छिद्रांमधून जातो आणि जाता जाता बदलतो. विषारी कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड होतो, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड होतं, तर नायट्रोजनच्या ऑक्साईडचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखा तो बाजूलाच राहतो.

या यंत्राची कल्पना १९५०च्या दशकात यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत मांडली. लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याने तो अस्वस्थ झाला होता. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि शिशाचा लेप बसला की ही वीट निकामी होई. म्हणून अमेरिकेत हे यंत्र सरसकट यायला १९७५ साल उजाडलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. त्याच सुमारास तिथे शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० साली ते देशभर पोहोचलं. १ एप्रिल २०२० पासून आपण भारत स्टेज सहाच्या निकषांवर आहोत.

मग हे काढून टाकायची हौस कशासाठी? त्यामागे थोडं शास्त्र आहे, ते नाकारून चालणार नाही. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनचा पूल आठवा. पुढची माणसं अडली की मागचीही अडतात. तसंच छिद्रांमधून जाताना वायूला अडथळा होतो आणि तो बाहेर ढकलायला इंजिनाची थोडी ताकद खर्च होते. अडथळा काढला की ती ताकद वाचते. टर्बो असलेल्या गाडीत हा फरक जरा जास्त जाणवतो. पण आजचे कन्व्हर्टर मूळ इंजिनाबरोबरच आखलेले असतात, म्हणजे पूल आधीच पुरेसा रुंद केलेला असतो. त्यामुळे मिळणारी वाढ बहुधा थोड्या टक्क्यांचीच असते. आवाज मात्र पुष्कळ वाढतो आणि आवाज वाढला की वेगही वाढल्यासारखा वाटतो! शिवाय ती जास्तीची ताकद वापरायची कुठे? घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतुकीत तर आहे तीच निम्मी वापरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. नीट तापलेला, चांगला कन्व्हर्टर शंभरातले नव्वदहून अधिक भाग विषारी वायू निष्प्रभ करतो. म्हणजे आधी दहा भाग बाहेर पडत होते, तर तो काढल्यावर शंभर पडतात. एक गाडी दहा गाड्यांइतकी घाण करते! आणि ही घाण दिसत नाही. धूर दिसत नाही म्हणजे प्रदूषण नाही, हा आपला मोठाच गैरसमज. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. नायट्रोजनचे ऑक्साईड आणि न जळलेलं इंधन यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दम्याच्या रुग्णाला छळतो. गाडीवाला काचा लावून बसतो. हा वायू जातो तो नाक्यावरच्या वाहतूक पोलिसाच्या, भाजीवाल्याच्या आणि शाळेच्या व्हॅनमधल्या मुलांच्या छातीत.

गाडीलाही हा बदल मानवत नाही. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर प्राणवायू मोजणारे सेन्सर असतात. दोन्हींकडून सारखाच निरोप आला की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. तो कायम पेटलेला राहिला की उद्या खरा बिघाड झाला तरी मालकाच्या लक्षात येत नाही. कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम असे मनमानी बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं. "पीयूसी मिळालीय ना!" असं कोणी म्हणेल, पण पीयूसीच्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साईड मोजलेच जात नाहीत.

गंमत म्हणजे श्रीमंत हौशी माणूस जे पैसे देऊन काढून टाकतो, तेच चोर रात्री दुसऱ्याच्या गाडीतून काढून नेतो. २०२१-२२च्या सुमारास मुंबई, ठाणे, पुणे परिसरात ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे गुन्हे नोंदले गेले. आतल्या मौल्यवान धातूंच्या भुकटीसाठीच या चोऱ्या होत. त्यात कुणाची शाळेची व्हॅन, तर कुणाची टपाल-पार्सलची गाडी बंद पडली. तेव्हा व्हॅन रात्री उजेडात, भिंतीला लागून उभी करावी, हे उत्तम.

आणि गाडी खरंच ओढत नसेल तर? जुना कन्व्हर्टर चोंदू शकतो. इंजिन ऑईल जाळत असेल किंवा प्लग नीट पेटत नसेल तर तो लवकर खराब होतो. तेव्हा आधी मूळ दुखणं शोधावं आणि मग चांगला नवा कन्व्हर्टर बसवावा. आणखी एक गोष्ट. हा डबा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच कामाला लागतो. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात थंड गाडी काढून जाण्यापेक्षा पायीच गेलेलं बरं.

त्या दिवशी काकांनी गाडी पिटवर घेतली, खालून बॅटरी मारून पाहिलं आणि दोन प्लग बदलून दिले. कॅट जागच्या जागीच राहिला. "आता बघ चालवून," ते म्हणाले. पोराने एक चक्कर मारली आणि हसतच परत आला. गाडी मोकळी झाली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)